जमिनीवर काही छापलेलं नाही

शनिवारी दुपारपाळी नसली की
बिटकोवरून शेअर रिक्षा धरायची,
लॅम रोडनं थेट कॅम्पात.
टायरच्या दुकानाला लागून जिना, जिन्यावर हॉल,
हॉलमध्ये फ्रेनी मिस
आणि तिचा टेपरेकॉर्डर,
ज्याला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही.

फी एका नाचाची असो की पाचांची, तेवढीच.
म्हणून मी पाचही घेतले.
भाजीवर फुकटची कोथिंबीर सोडत नाही मी,
हे कशाला सोडू?

वॉल्ट्झ वर उचलतो,
श्वास घेतल्यासारखं वर, सोडल्यासारखं खाली.
चा-चा-चा म्हणजे तापल्या गच्चीवर अनवाणी.
रुंबा जमतो, पण लाज वाटते.
फॉक्सट्रॉट मला कळला नाही,
सुभेदार पेखळ्यांनाही नाही,
किंवा आम्ही दोघं मिळून त्याला कळलो नाही.

टँगो मात्र वर जाऊच देत नाही.
गुडघे जरा वाकलेले, डोकं एकाच उंचीवर,
जणू वर पोटमाळ्याची तुळई आहे.
पाऊल मांजरासारखं उचलायचं,
ठेवायचं,
आणि थांबायचं.
तिथंच माझी पंचाईत.
वॉल्ट्झ आधी मुरलेला,
थांबायच्या जागी टाचा आपोआप सुटतात.
"मिसेस गायधनी, तू फुगा आहे काय?"
मी मिसेस नाही, हे तिसऱ्यांदा सांगितलं नाही.

विचारलं, टँगो एकटाच शिकू का?
बाकीचे चार सोडून?
ती म्हणाली, "शिक ना. पण मग तुला कळेल कसा,
काय नाय करायचा ते?"

माझी नोकरी प्रेसमध्ये.
छापून आलेल्या तावावरच्या चुका शोधायच्या.
सव्वीस वर्षं मान खाली.
शाईचा ठिपका, सरकलेला आकडा,
खूण करायची, ताव बाजूला.
नाचतानाही नजर पायांवरच.
मिसनं हनुवटीखाली लाकडी पट्टी धरली:
"वर बघ. जमिनीवर काय छापलेला नाय."

पाळी सुटली की झडती.
हात पसरायचे. बोराडेबाईचे तळवे
काखेतून कमरेपर्यंत, पाठीवरून एकदा.
माझ्या पाठीला नेमानं लागलेला हात तेवढाच,
आणि त्याला खात्री करून घ्यायची असते
की मी काही नेत नाहीये.

पहिल्यांदा सुभेदारांचा हात पाठीवर आला
तेव्हा सवयीनं मी दोन्ही हात पसरले.
ते हसले नाहीत.
आयोडेक्सचा वास, बाहीची कडक इस्त्री,
डावा हात पुढे धरून नुसते उभे राहिले,
माझं झडती देणं संपेपर्यंत.

दिवाळीनंतर ते मुलाकडे गेले, बडोद्याला.
हॉलमध्ये आता टेकचंदानी जोडपं,
त्यांना मुलीच्या लग्नापुरतं एकच गाणं हवंय,
आणि मी.
मिस म्हणाली, "तू एकटी चाल.
टँगो म्हणजे निम्मा चालणाच."
उरलेलं निम्मं काय, ते राहून गेलं,
टेप अडकली होती,
ती पेन्सिल घालून फिरवत बसली.

तर आता जेलरोडची गच्ची.
टाकीपासून कपड्यांच्या तारेपर्यंत अकरा पावलं.
थंडी अशी, की तिकडे निफाडात
द्राक्षांना ऊब म्हणून शेकोट्या पेटल्या असतील.
संथ, संथ, जलद-जलद, संथ.
डावा हात कुणाच्या दंडावर असावा तसा हवेत.
तारेशी वळताना कुणाचा तरी टॉवेल तोंडाला लागतो.
समोरच्या बिल्डिंगमधला मुलगा
अभ्यास सोडून बघतो.
बघू दे.

परवा झडतीच्या रांगेत माझ्यापुढे नऊ जणी.
रांग हलेना, तेव्हा
मी वजन नेलं या पायावरून त्या पायावर,
टाच न उचलता, डोकं न हलवता.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
बोराडेबाईचा हात मात्र पाठीवर थबकला.
"काय झालं? उसण भरली?"
"नाही."
"मग जा."

गेटाबाहेर आले.
रिक्षांच्या रांगेपर्यंत
फॉक्सट्रॉट करून बघितला.
नाहीच.